जुना गिझर गळतोय? आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा

गिझरखालच्या टाइल्सवर पाणी दिसलं की घरात लगेच दोन मतं पडतात. एकाला वाटतं प्लंबर बोलवावा, दुसऱ्याला वाटतं गिझर जुना झालाय, आता नवाच घ्यावा. ठाणे आणि नवी मुंबईत गिझर दुरुस्तीची कामं करताना मी प्रत्येक घरात एकच सांगतो: आधी पाना उचलू नका आणि पाकीटही उघडू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा. साठवणीच्या गिझरमधून पाणी बाहेर येण्याच्या जागा चारच आहेत. पाइपांचे जोड, सेफ्टी व्हॉल्व्ह, तळाची फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेला गोल पत्रा, आणि खुद्द टाकी. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे, चौथीवर बहुतेकदा नाही. त्यातही व्हॉल्व्हमधून पडणारं पाणी हा बरेचदा बिघाड नसतोच.

पुढचं सगळं विजेवर चालणाऱ्या, भिंतीला उभ्या टांगलेल्या १०, १५, २५ लिटरच्या गिझरबद्दल आहे. गॅस गिझर गळत असेल तर तो घरी उघडू नका. त्यात पाण्याबरोबर गॅसचा आणि ज्वलनाचाही प्रश्न असतो, आणि बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावलेली आहेत. तिथे कंपनीचा माणूसच हवा.

सगळ्यात आधी वीज

गळणाऱ्या गिझरचा बटण बंद केला म्हणजे झालं, असं समजू नका. जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, मग बटण बंद असूनही कॉइलपर्यंत करंट पोचतो. मीटरबोर्डवरचा गिझरचा एमसीबी, म्हणजे त्याचा खटका, खाली करा, मग हात कोरडे करून १६ अँपियरचा प्लग सॉकेटमधून काढा. प्लगऐवजी वायर थेट जोडलेली असेल तर एमसीबी पाडल्यावर टेस्टरने तपासूनच पुढे जा. पाणी तळाच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून, म्हणजे वायरी जिथे जोडलेल्या असतात तिथून ठिबकत असेल, तर आंघोळ अर्धवट राहिली तरी चालेल, पण त्या क्षणी वीज तोडा.

घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, आहे का तेही याच वेळी बघून घ्या. त्यावर टी असं लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए असा आकडा असतो. वीज चालू असताना ते बटण दाबलं की खटका पडायला हवा. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत कित्येक घरांत आरसीसीबी अजूनही नाही. जुना गिझर आणि आरसीसीबी नाही, ही जोडी मला सगळ्यात जास्त धास्तीची वाटते. गिझरच्या दुरुस्तीआधी इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घेतलात तरी मी म्हणेन योग्य क्रमाने काम केलंत.

टाकीतलं पाणी गरम असेल तर निदान दोन-तीन तास थांबा. घाईने जोड उघडला तर ६० अंशांच्या वरचं पाणी थेट मनगटावर येतं.

गळती शोधायची कशी

गिझरचं अंग, पाइप, अँगल कॉक (भिंतीतल्या लाइनच्या तोंडावरचा छोटा कॉक), सगळं फडक्याने खडखडीत पुसून घ्या. मग टिश्यू पेपरचे किंवा वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन प्रत्येक जोडाभोवती एकेक गुंडाळा: गार पाण्याचा जोड, गरम पाण्याचा जोड, अँगल कॉकचं तोंड, सेफ्टी व्हॉल्व्हची चोच. तळाच्या झाकणाखाली कोरडा कागद पसरा. पाण्याचा कॉक चालू ठेवा, वीज बंदच ठेवा. अर्ध्या तासाने बघा कुठला कागद आधी भिजला. बोटाने चाचपून कळत नाही, कारण वरच्या जोडातून सुटलेलं पाणी पाइपावरून ओघळत खाली येतं आणि खालचाच जोड गळतोय असं वाटतं. म्हणून भिजलेल्यांपैकी सगळ्यात वरचा कागद धरायचा.

सगळे कागद कोरडे राहिले आणि तरी गिझरच्या बाहेरच्या कवचातून, तळाच्या भोकातून किंवा पत्र्याच्या सांध्यातून पाणी येतंय, तर संशय टाकीवर. पाण्याला तांबूस रंग असेल तर संशय पक्का.

गिझर पूर्ण कोरडा आणि भिंत ओली, असंही होतं. मग दोष भिंतीतल्या पाइपात आहे, गिझरला विनाकारण खोलू नका. प्लंबरकडे लाइनला दाब देऊन तपासायचा हातपंप असतो, तो लावून बघायला सांगा. आणि खालच्या घरात ओल उतरली असेल तर वाट बघत बसू नका. घरातल्या नळजोडणीतून झालेली गळती निस्तरणं हे फ्लॅटधारकाचंच काम असतं. सोसायटीच्या बैठकीत विषय जाण्याआधी आपण खाली जाऊन काका-काकूंना सांगितलेलं कधीही बरं.

व्हॉल्व्हमधून थेंब: इथे सगळ्यात जास्त गैरसमज

गार पाण्याच्या जोडावर पितळी तुकडा असतो, बाजूला छोटी चोच आणि बहुतेकदा एक दांडी. हाच सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याला मल्टिफंक्शन व्हॉल्व्हही म्हणतात. टाकीतलं पाणी मागे लाइनमध्ये जाऊ न देणं आणि दाब वाढला की थोडं पाणी बाहेर सोडणं ही त्याची दोन मुख्य कामं.

पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेलं तर ते जवळपास पाव लिटरने वाढतं. २५ लिटरच्या टाकीत हीच वाढ ४०० मिलिलिटरच्या आसपास जाते. मागे जायची वाट व्हॉल्व्हने बंद केलेली, पुढचा नळ आपण बंद ठेवलेला. मग हे जास्तीचं पाणी चोचीतूनच बाहेर पडणार. गिझर चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं थेंब पडले आणि नंतर थांबले, तर काहीही बिघडलेलं नाही. चोचीला पातळ नळी लावून ती जाळीपर्यंत सोडा, काम झालं.

चोचीखाली पेला ठेवून पाहिलं की फरक लगेच कळतो. गिझर दिवसभर बंद आहे, टाकी गार आहे, तरी पेला भरतोय, तर दोनपैकी एक कारण असतं.

पहिलं म्हणजे व्हॉल्व्हच्या आत कचरा अडकलाय. ठाण्यात पाणीपुरवठ्याचा शटडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी गढूळ येतं, त्यातली बारीक रेती व्हॉल्व्हच्या रबरी सीटवर जाऊन बसते. दांडी दोन-तीनदा वर-खाली करा, जोरात पाणी सुटू द्या. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच कचरा निघून जातो. नाही गेला तर व्हॉल्व्ह बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे, खोलून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवा घेताना त्यावरचा दाबाचा आकडा आणि गिझरच्या पाटीवरचा आकडा जुळला पाहिजे. पाटीवर ०.८ एमपीए लिहिलेलं असेल तर ते ८ बार. जुन्या गिझरवर ०.६५ एमपीए, म्हणजे ६.५ बार असंही असतं.

दुसरं कारण इमारतीचा दाब. टाकी गच्चीवर असते आणि दर १० मीटर उंचीला जवळपास १ बार दाब तयार होतो. कोपरखैरण्याच्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर तो दीडेक बारच भरतो, गिझरला त्याचं काही वाटत नाही. पण घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरमध्ये हाच हिशेब तळाशी ९ बारवर जातो. म्हणून अशा इमारतींत मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे पीआरव्ही बसवलेले असतात. त्यातला एखादा नादुरुस्त झाला की त्या खालच्या सगळ्या घरांतले गिझर एकाच आठवड्यात ठिबकायला लागतात, आणि प्रत्येक जण आपापला प्लंबर बोलावून नवा व्हॉल्व्ह घेतो. त्याआधी वरच्या-खालच्या एक-दोन घरांत विचारा. त्यांचाही गिझर ठिबकत असेल तर मॅनेजरला सांगून डक्टमधला पीआरव्ही तपासून घ्या.

एक गोष्ट कधीही करू नका, कुणी करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका. चोचीला बूच मारून पाणी बंद करायचं नाही. दाबाला बाहेर पडायला जागाच उरली नाही तर तो टाकीवर आणि फ्लँजवर जातो, आणि पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही बिघडलेला असला तर टाकी फुटू शकते. चोचीतून वाफ किंवा उकळतं पाणी फुसकन येत असेल तर ती खूणच आहे की थर्मोस्टॅट वीज तोडत नाहीये. वीज तोडा, थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीचा सुरक्षेचा कटआउट दोन्ही बदलेपर्यंत गिझर लावू नका.

पाइपांचे जोड

हे सगळ्यात सोपं काम. अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, खाली बादली ठेवा. मग कॉक आणि गिझर जोडणाऱ्या जाळीदार कनेक्शन पाइपाचा नट सैल करा.

इथे एका पान्याने काम करायचं नाही, दोन लागतात. एका पान्याने गिझरचा निपल, म्हणजे टाकीतून बाहेर आलेलं आट्यांचं तोंड, घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. निपल टाकीला वेल्ड केलेला असतो. त्यावर पिळा पडला की आतला काचेचा लेप तडकतो आणि त्या तडेतून गंज सुरू होतो. आज पाइप बदलला आणि वर्षभरात टाकी गेली, असं होतं ते यामुळे.

पाइप निघाला की नटाच्या आत बोट घाला. तिथे रबरी वायसर असतो. गरम पाण्याच्या बाजूचा वायसर वर्षानुवर्षं भाजून कडक झालेला असतो, नखाने दाबला तर दबत नाही, वाकवला तर तुकडा पडतो. हाच बहुतेक गळतीचा गुन्हेगार. नवा वायसर घाला. या जोडाचं पाणी वायसर अडवतो, आटे नाही. म्हणून इथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही, उलट जाड टेपमुळे नट वायसरपर्यंत पूर्ण बसतच नाही. टेप लागते ती जिथे वायसर नसून आट्यांवर आटे बसतात तिथे, उदाहरणार्थ निपलवर चढवलेला व्हॉल्व्ह. आटे ब्रशने साफ करा, टेप घट्ट ताणून आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने आठ-दहा वेढे द्या. उलट्या दिशेने गुंडाळली तर जोड बसवताना ती निघून येते.

कनेक्शन पाइपाची जाळी कुठे गंजली, फुगली किंवा तिची एखादी तार सुटली असेल तर वायसरवर वेळ न घालवता पाइपच बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच. सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाची लाइन थेट गिझरला जोडलेली असेल तर मध्ये कनेक्शन पाइप टाकून घ्या. तापून प्लॅस्टिकचे आटे ढिले पडतात, आणि साधा पीव्हीसी तर गरम पाण्याला चालतच नाही.

फ्लँजची गळती

तळाच्या झाकणातून येणारं पाणी बहुधा इथलं असतं. कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि ॲनोडची कांडी ज्या गोल पत्र्यावर बसवलेली असतात, ती फ्लँज. तिच्या आणि टाकीच्या मध्ये रबराचं गॅस्केट. हे काम दोन तासांचं आहे आणि विजेच्या कामाची सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावं. पण समोर बसून बघायचं असेल तरी काय व्हायला हवं ते माहीत असलेलं बरं.

टाकी आधी पूर्ण रिकामी करा. उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी टाकीच्या वरपर्यंत गेलेली असते, गार पाण्याची तळाशीच संपते. त्यामुळे गरम बाजूचा नळ उघडा ठेवून गार बाजूचा पाइप सोडला की वरून हवा शिरते आणि पाणी गार बाजूने उतरतं. तिथे व्हॉल्व्ह असेल तर तो पाणी मागे येऊ देणार नाही; त्याची दांडी उचलून धरा किंवा तो काढून ठेवा.

झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. मग फेज, न्यूट्रल, अर्थिंग सोडवा, थर्मोस्टॅट खाली ओढून काढा. फ्लँजचे नट एका बाजूने सरळ रांगेत सोडू नका, आमनेसामने थोडेथोडे सोडा. फ्लँज चिकटलेली असते, हलवत हलवत खाली घ्या. खाली बादली हवीच, कारण तळात राहिलेलं पाणी आणि गाळ एकदम येतो.

त्या गाळात गिझरची सगळी कुंडली असते. भातसा नदीवरून ठाण्याला येणारं किंवा मोरबे धरणातून नवी मुंबईला येणारं पाणी फारसं जड नाही, त्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये थोडी रेती आणि मऊ मातकट गाळ निघतो. जिथे टँकर आणि बोअरच्या पाण्यावर सोसायटी चालते, तिथे पांढरे टणक पापुद्रे मूठमूठभर निघतात आणि कॉइल त्यांच्याखाली दिसतही नाही. तांबूस खपले दिसले तर टाकीचं पोलाद उघडं पडलंय. टॉर्च घेऊन आत बघा. लेप निघालेली जागा तपकिरी दिसते. तसं असेल तर गॅस्केटवर पैसे घालू नका.

टाकी धड असेल तर कॉइलवरचा क्षार लाकडाच्या पट्टीने खरवडा आणि कॉइल व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. बाथरूम धुवायचं ॲसिड टाकीत किंवा कॉइलवर ओतू नका, ते धातूलाच खातं. मल्टिमीटर असेल तर कॉइल तपासून घ्या: २००० वॉटच्या कॉइलच्या दोन टोकांमध्ये २६ ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा, आणि कुठल्याही टोकापासून तिच्या धातूच्या अंगापर्यंत काहीच आकडा येता कामा नये. आला तर ती कॉइल बाद, शॉक तिथूनच लागतो.

आता ॲनोड. मॅग्नेशियमची ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणून टाकी टिकते. नवी असताना ती करंगळीसारखी जाड असते. जुन्या गिझरमध्ये बहुतेक वेळा मधली काळी तारच उरलेली सापडते. गळतीसाठी फ्लँज उघडलीच आहे तर कांडी बदलल्याशिवाय बंद करू नका. बोअरच्या पाण्यावर ती दरवर्षी बघायला हवी, इतर ठिकाणी दोन वर्षांनी. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईतले निम्मे गिझर या एका स्वस्त कांडीकडे कुणी पाहिलं नाही म्हणून वेळेआधी जातात.

टाकीच्या तोंडाची कडा प्लॅस्टिकच्या घासणीने साफ करा, छिन्नी किंवा पटाशी लावू नका. नवं गॅस्केट त्याच मॉडेलचं हवं. जुनं सोबत नेऊन दुकानात एकावर एक ठेवून बघा. त्याला सिलिकॉन, सफेदा काही लावायचं नाही, कोरडंच बसवायचं. नट आधी हाताने लावा, मग आमनेसामने पाव-पाव फेरा आवळत जा. जीव खाऊन आवळलं की पत्रा वाकतो आणि गॅस्केट एका बाजूने बाहेर येतं.

वायरी जोडण्याआधी टाकी भरा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत. मग नळ बंद करून अर्धा तास कोरड्या कागदाने फ्लँजचा घेर तपासा. कोरडी राहिली तरच वायरी फोटोप्रमाणे जोडा, अर्थिंग विसरू नका. टाकी भरलेली नसताना वीज दिली तर नवी कॉइलही मिनिटभरात जळते. एकदा गरम करून, वीज तोडून, गार झाल्यावर नट पुन्हा किंचित आवळून घ्या.

टाकीच फुटली असेल तर

काचेचा लेप असलेल्या पोलादी टाकीला वेल्डिंग होत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा लेप जळतो आणि भोक बुजलं तरी त्याच्या कडेने नवीन भोकं पडतात. एमसील, ॲराल्डाइट, सिमेंट यांतलं काहीही दाबाखालच्या गरम टाकीवर टिकत नाही. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत अजूनही तांब्याच्या टाकीचे जड गिझर सापडतात. त्यांना एखादंच सुईएवढं भोक असेल आणि बाकी पत्रा जाड असेल तर ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून झाळ, देऊन घेण्यात अर्थ आहे. दुसऱ्यांदा गळला की मात्र तांब्याच्या भावाने मोडीत द्या.

नवा गिझर येईपर्यंत घर अडू देऊ नका. दोन्ही कॉक बंद करा, गळका गिझर बाजूला काढा आणि गार-गरम दोन्ही तोंडं एका कनेक्शन पाइपाने जोडा. गरम पाण्याच्या नळांना निदान गार पाणी तरी येत राहील.

जुना गिझर उतरवताना टाकी रिकामी झाल्याची खात्री करा. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो वजन वर. आणि नवा टांगण्याआधी भिंत बघा. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात, त्यात साधा रावळ प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचेच अँकर लागतात. बसवायला आलेला माणूस पिशवीतले साधे बोल्ट काढत असेल तर ड्रिल चालू होण्याआधीच त्याला थांबवा.